स्विच पडतोय? पडू द्या!

जुलैमधली गोष्ट. ठाण्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये रात्री दोन वाजता लाइट गेली. समोरच्या बिल्डिंगमध्ये मात्र दिवे चालू. दाराजवळच्या मेन बोर्डात पाहिलं, तर एक स्विच खाली पडलेला. रूममेटने तो वर केला आणि लाइट आली. दहा मिनिटांत पुन्हा गेली. तीन दिवस आमचा हाच खेळ चालला होता.

चौथ्या दिवशी फ्रिजच्या बोर्डाभोवती रंगाचे पोपडे सुटलेले दिसले. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधलं पाणी भिंतीत झिरपत होतं. घरमालक काका फोनवर म्हणाले, "पावसाळ्यात होतं गं असं, सुकलं की थांबेल." बोलावलेला वायरमन म्हणाला, "हा स्विचच खराब आहे. डायरेक्ट करून देतो, परत पडणार नाही."

आम्ही हो म्हणणारच होतो. फ्रिजमधलं दूध नासत होतं, लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती. तेवढ्यात रूममेटच्या बाबांचा फोन आला. आयुष्यभर कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "डायरेक्ट केलंत, तर पुढचा शॉक तुम्हाला बसेल."

तो स्विच का पडतो?

सारखा पडणारा तो स्विच म्हणजे आरसीसीबी. त्यावर 'टेस्ट' किंवा नुसतं 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. शेजारचे एमसीबी जास्त लोड आला किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतात. आरसीसीबीचं काम वेगळं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो बघत असतो. ओल्या भिंतीतून थोडा करंट अर्थिंगकडे गळाला, तर हिशेब चुकतो आणि तो लाइट तोडतो. घरात सहसा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी असतो. तेवढा करंट शरीरातून गेला, तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून तो काढून टाकणं किंवा डायरेक्ट करणं हा उपाय नाही.

दोष कुठे आहे, हे कसं शोधाल?

• मेन बोर्डातच पाणी शिरलं असेल किंवा पायाखाली ओल असेल, तर कशालाही हात लावू नका. मीटरकडून पुरवठा बंद करायला वायरमनला किंवा वीज कंपनीला बोलवा.

• मेन बोर्ड कोरडा असेल, तर कोरड्या हाताने आणि पायात चप्पल घालून सगळे एमसीबी खाली करा. कोरड्या जागेतल्या उपकरणांचे प्लग काढा. ओल्या बोर्डातल्या प्लगला हात लावू नका.

• आता आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याने आरसीसीबी पडेल, ती लाइन खालीच ठेवा. आमच्याकडे ती स्वयंपाकघराची निघाली.

• सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडला तर? बहुतेक घरांतले एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलीच राहते. ओल तिलाही लागलेली असू शकते. अशा वेळी प्रयोग थांबवा आणि वायरमनला बोलवा.

दुरुस्तीचा क्रम

आधी गळती, मग वायरिंग. भिंत वरून सुकली, तरी आतल्या पाइपात पाणी साचलेलं असतं. बाबांच्या ओळखीच्या वायरमनने वरच्या बाथरूमचं काम होईपर्यंत आमची ती लाइन सोडवून ठेवली. नंतर मेगर लावून वायरचं इन्सुलेशन तपासलं. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली असेल, तर ती लाइन चालू करायची नाही. आमचं त्याहून बरंच कमी आलं. पाइपात जुन्या चिकटपट्टीचा एक जोड होता, त्यात पाणी शिरलं होतं. सॉकेटचे स्क्रू हिरवे पडले होते. त्याने जुन्या वायरलाच नवी अडीच एमएमची वायर बांधून ओढली, मध्ये एकही जोड ठेवला नाही, सॉकेट बदललं आणि पुन्हा मेगर लावला.

पैसे कोणी द्यायचे?

केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात याची यादीच आहे. भिंतीतली वायरिंग घरमालकाकडे, तर स्विच आणि सॉकेटची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे. हा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. म्हणून तुमचा भाडेकरार आधी वाचा. पण बोलणं सुरू करायला ही यादी चांगली आहे.

आम्ही काकांना ओल्या भिंतीचे फोटो, मेगरचं रीडिंग आणि खर्चाचा अंदाज व्हॉट्सॲपवर तारखेसह पाठवला. "सुकलं की थांबेल" म्हणणारे काका दुसऱ्या दिवशी स्वतः आले. वायरिंगचे पैसे त्यांनी दिले, सॉकेटचे आम्ही.

आज घरी एक काम करा. मेन बोर्डात ते 'टेस्ट'चं बटण शोधा आणि दाबून बघा. स्विच पडला, तर उत्तम. नाही पडला किंवा तसं बटणच नसेल, तर घरमालकांना आजच कळवा.