लंडनचे घर आणि त्यातला विद्यार्थी

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात १९२१-२२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्‌घाटनही उरकले. अडचण पुढे उभी राहिली. निवासी इमारतीचे संग्रहालय करण्याची परवानगी कॅमडेन या स्थानिक नगरपरिषदेने २०१८ मध्ये नाकारली. चौकशीअंती मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी ती दिली. कॅमडेनला दोष देणे सोपे आहे. परंतु आधी परवानगी, मग उद्‌घाटन हा साधा क्रम आपल्या शासनास का सुचू नये?

याहून मोठा प्रश्न घराच्या विनियोगाचा आहे. ‘मूकनायक’ १९२० मध्येच निघाले होते हे खरे. तरी या घरात राहिला तो बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यास, साठविलेल्या पगारावर आणि शाहू महाराजांच्या साहाय्यावर परतलेला तिशीचा विद्यार्थी. रुपयाच्या प्रश्नावरील त्याचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधले, तेही मुख्यत्वे ग्रंथांसाठी.

राजर्षी शाहूंच्याच नावाने शासन आज अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. त्यांतील लंडनला जाणाऱ्यांना या घरात बसून वाचण्याची सोय किती, याचा हिशेब शासनाने विधिमंडळापुढे ठेवावा. अभ्यागतांची संख्या त्यानंतर सांगितली तरी चालेल.