घरकुलाचे छप्पर आणि घरातली हवा

प्रति,
प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, डहाणू;
जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा, पालघर.



डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) व शबरी आदिवासी घरकुल योजना यांतून उभी राहिलेली पक्की घरे पाऊस, वाळवी आणि आग यांपासून जुन्या घरांपेक्षा निश्चितच सुरक्षित आहेत; परंतु उन्हाळ्यात ती तापतात आणि चुलीचा धूर त्यांत कोंडतो. हे दोन्ही दोष आराखड्यातून येतात, त्यामुळे त्यांवरचा उपायही आराखड्यातच करावा लागेल.

वारली घराचा कुड, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर माती-शेणाचा गिलावा दिलेली भिंत, वजनाला हलका असतो आणि दिवसाचे ऊन रात्रीसाठी साठवून ठेवत नाही. भिंतीचा माथा आणि छप्पर यांमध्ये फट राहते, तिच्यातून व कौलांच्या सांध्यांतून धूर वर निघून जातो, आणि जाता जाता छपराच्या बांबूला व टांगलेल्या बियाण्याला कीड लागू देत नाही. अर्थात या घराचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण तिथेही चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळे चुरचुरतातच आणि पौषातल्या रात्री शेकोटीवाचून भागत नाही.

घरकुलात भिंत थेट स्लॅबला भिडते आणि ती फट नाहीशी होते. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर २०१६ नंतर अनेक घरांत पोहोचला असला तरी तो पुन्हा भरून आणण्याचा खर्च झेपत नसल्याने चूल विझलेली नाही, आणि तिच्या धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण, जे फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात, बंद खोलीत साचत राहतात. क्षयाचे जंतूही कोंदट हवेतच अधिक सहज पसरतात. पावसाळ्यात खिडकीला खताची गोणी ठोकली की उरलासुरला वाराही बंद होतो, मग स्वयंपाक शेजारच्या कुडाच्या पडवीत जातो आणि पक्की खोली भाताची कोठी होऊन बसते.

थंड देशांत १९७३ च्या तेलटंचाईनंतर आतली ऊब वाचवण्यासाठी घरांच्या फटी बुजवल्या गेल्या आणि त्यातून कोंदटपणा व बुरशी वाढल्यावर यंत्राने हवा खेळवण्याची सोय करावी लागली. तिथे ऊर्जाबचत आणि ताजी हवा यांत ओढाताण आहे. डहाणूच्या दमट उष्ण किनारपट्टीवर मात्र घामावरून फिरणारा वारा हाच स्वस्तातला गारवा असल्याने उष्णता अडवायची ती छपरावर, आणि भिंतीतून वारा येऊ द्यायचा, असा सरळ हिशेब मांडता येतो. रूढ आराखडा याच्या नेमका उलट आहे.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या इको निवास संहितेत दमट उष्ण हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र जमिनीच्या किमान १६.६६ टक्के असावे, असे म्हटले आहे. पंचवीस चौरस मीटरच्या घरकुलाला हे प्रमाण लावल्यास सुमारे ४.२ चौरस मीटर, म्हणजे तीन बाय चार फुटांच्या जवळजवळ चार खिडक्या लागतात; तळमजल्याचे बाहेरचे दार त्यात धरले जात नाही. छपरातून आत येणाऱ्या उष्णतेवरही संहितेत मर्यादा आहे आणि उघडा काँक्रीट स्लॅब तिच्या सुमारे तिप्पट उष्णता आत सोडतो. ही संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी आहे. ज्यांना वातानुकूलन परवडते त्यांची काळजी आधी घेतली गेली, इतकेच यावरून दिसते.

तरीही भिंतीला हवी तितकी भोके पाडणे हा उपाय नव्हे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिच्यात याच दोन तालुक्यांतील कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या, आणि विटांच्या भिंतीत उघाडे वाढले की ती धक्क्याला दुबळी होते. म्हणून खिडक्या कोपऱ्यांपासून दूर व समोरासमोर असाव्यात, त्यांच्यावरून लिंटेलची सलग पट्टी चारही भिंतींवर फिरावी, आणि पट्टीच्या वर, छपरालगत, जाळीचे छोटे झरोके ठेवावेत, म्हणजे गोणी लावली तरी धूर निघून जाईल. पावसाच्या झडीसाठी छज्जा, डासांसाठी जाळी, चुलीवर धुराडे आणि स्लॅबवर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा हात, एवढ्यावर बरेच काम होईल. जमेल तिथे स्लॅबऐवजी मंगलोरी कौले अधिक चांगली.

आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्थानिक हवामानाला साजेशा आराखड्यांना वाव आहे. तेव्हा पुढील मंजुऱ्यांपूर्वी डहाणू-तलासरीसाठी असा एक आराखडा तयार करून तो ग्रामसभांपुढे ठेवावा, आणि हप्ता सोडण्यापूर्वीच्या तपासणीत झरोक्यांची नोंद घेण्याचा आदेश काढावा, ही विनंती.