गाडग्याची साक्ष काढून छप्पर विकू नका

हातात फक्त गाडगं असलेल्या गाडगेबाबांच्या नावाने एवढ्या इमारती कशाला, असा सवाल एका विद्वानांनी टाकला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संताने संसार सोडला, अनुयायांनी मिळकती धरल्या, चळवळ विचारावर जगते, विटांवर नाही, मोक्याच्या जागा अडवून बसलेल्या धर्मशाळा विकाव्यात आणि व्याजावर गरिबांची सेवा करावी, मालमत्ता आली की भांडणं येतातच.

पहिला मुद्दा मुळातच खोटा आहे. नाशिक, पंढरपूर, आळंदीच्या धर्मशाळा खुद्द बाबांनी उभ्या केल्या. पंढरपुरात महार वारकऱ्याला इतरांच्या धर्मशाळेत थारा नव्हता. पांडुरंगापुढे सगळे सारखे, हा विचार तेव्हाही टाळ-मृदंगाच्या गजरात सांगितला जात होताच. पण आषाढीच्या पावसात तो वारकरी उघड्यावर भिजत होता. विठ्ठलाचं देऊळ त्याला खुलं झालं 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. बाबांनी पंढरपुरात या वारकऱ्यांसाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्याच्या पंचवीसहून अधिक वर्षं आधीची! देवळाचं दार बंद असताना बाबांनी निवाऱ्याचं दार उघडलं. पुढे 1949 साली ती इमारत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मिळकत धरून बसणारा माणूस असं करतो? बाबांनी देह ठेवला तो 20 डिसेंबर 1956 रोजी, वलगावजवळ, प्रवासात. अशा माणसाचं गाडगं पुढे करून त्यानेच बांधलेलं विकायला सांगणं, हा त्याच्या वैराग्याचा अपमान आहे.

व्याजावर सेवा करायला निघालेल्यांनी दादरच्या गाडगेबाबा धर्मशाळेत जाऊन यावं. परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कॅन्सरचे रुग्ण तिथे उतरतात. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतं. त्यासाठी बहुतेकांना दाखल करून घेत नाहीत. काही मिनिटांचा डोस घ्यायचा आणि उद्या पुन्हा यायचं. लातूरच्या शेतमजुराने मधला वेळ काढायचा कुठे? रुग्णालयाबाहेर, फायलींची पिशवी उशाला घेऊन पदपथावर पडलेली माणसं या विद्वानांनी पाहिलीच नसावीत. त्या माणसाला अंथरूण, बायकोला भात शिजवायला जागा आणि चालत गाठता येईल असं रुग्णालय हवं असतं. ही जागा एकदा विकली, की व्याजाच्या पैशात दादर-परळला पुन्हा घेता येणार नाही.

शिवाय विश्वस्त हे मालक नव्हेत: 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 36 सांगतं की धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून स्थावर विकता येत नाही.

राहिली भांडणं. पंढरपूरच्या देवळातल्या बडव्यांचे, म्हणजे पिढीजात पुजाऱ्यांचे, हक्क 1973 च्या कायद्याने गेले, 2014 साली सर्वोच्च न्यायालयात तो वाद संपला. देऊळ विकावं लागलं नाही.

आमचं म्हणणं साधं आहे. धार्मिक चळवळीकडे इमारती असाव्यात. पण तिथे रात्री कोण झोपतं, यावरून त्यांची पारख व्हावी. विश्वस्तांचे पाहुणे झोपत असतील, तर खुशाल ओरडा करा, आम्हीही सामील होऊ. हिशेब दारावर लावा, खोल्या रुग्णांना आणि वारकऱ्यांना आधी द्या. बेघरांना आसरा हे बाबांच्या दशसूत्रीतलं कलम आहे. ते विटांशिवाय पाळता येत नाही. म्हणून विश्वस्तांना एकच विनंती: धर्मशाळा विकू नका.