मेट्रो स्वस्त, त्र्यंबकचा प्रवासी मात्र हिशेबाबाहेर

त्र्यंबकेश्वर (प्रतिनिधी) : २०२७ च्या सिंहस्थातील पहिले अमृतस्नान २ ऑगस्टला आहे. त्यानिमित्ताने नाशिकच्या मेट्रोची चर्चा पुन्हा निघणे साहजिक असले, तरी त्या मेट्रोच्या नकाशात ज्योतिर्लिंगाचे हे गाव कधीच नव्हते. रेल्वेने येणारा भाविक सुमारे ४० किलोमीटर अलीकडे, नाशिकरोडला उतरतो आणि त्याची खरी परीक्षा तेथून सुरू होते.

राज्याने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या 'मेट्रो निओ'चे सारे आकर्षण स्वस्ताईचे होते. रूळ नाहीत; उन्नत मार्गावरून विजेच्या तारेखाली धावणारी रबरी चाकांची जोडबस. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिचा खर्च २,०९२ कोटी रुपये दाखविला गेला. मार्ग सुमारे ३३ किलोमीटरचा, म्हणजे किलोमीटरमागे साधारण ६३ कोटी. त्यानंतरची वर्षे कागदोपत्रीच गेली. गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका हे तिचे दोन्ही मार्ग शहरापुरतेच होते.

खर्चाच्या दृष्टीने ते चूकही म्हणता येणार नाही. त्र्यंबकची गर्दी सिंहस्थात, श्रावणी सोमवारी आणि पौषातील निवृत्तिनाथांच्या यात्रेत उसळते. एरवी असतात ते विद्यार्थी, कामगार आणि रोजचे भाविक. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या पर्वणीच्या मापाने लोहमार्ग टाकला, तर तो बहुतेक काळ रिकामा राहील. मात्र २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणाने केवळ तिकिटाचे उत्पन्न नव्हे, तर प्रवाशांचा वाचलेला वेळही परताव्यात धरला आहे. हीच फूटपट्टी नाशिकरोडला बसची वाट पाहणाऱ्याला का लावू नये?

उत्तर बसमध्येच आहे, आणि अडचणही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'सिटीलिंक'मध्ये ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. बस रिकामी धावली तरी तोटा महापालिकेचाच. अशा वेळी पहिली कात्री फेऱ्यांवर चालविण्याचा मोह होतो. त्यातही त्र्यंबक महापालिकेच्या हद्दीबाहेर, स्वतंत्र नगरपरिषदेचे गाव. नाशिकच्या करदात्याने त्याचा भार का उचलावा, हा प्रश्न गैरलागू नाही.

तरीही गाड्यांच्या वेळेशी जुळणाऱ्या बस आणि शेवटच्या गाडीनंतर हमखास एक फेरी, एवढ्याने मेट्रोच्या खर्चाच्या अल्पांशात बरेच साधेल. सिंहस्थासाठी लागणाऱ्या जादा बसपैकी काही पुढेही या मार्गावर ठेवायच्या, तर त्यांचा तोटा महापालिका, एसटी आणि राज्य सरकार यांनी कोणत्या प्रमाणात वाटून घ्यायचा, हे पर्वणीपूर्वीच करारात लिहावे लागेल.