कावेरीकाठचे पत्र : धबधब्याचा भूगोल

तंजावूरच्या मुलखात धबधबा नाही, आणि असण्याचा संभवही नाही. कारण कावेरीने सहस्रावधी वर्षे गाळ आणून अंथरलेल्या या सपाट भूमीवर पाणी कोसळत नाही, ते वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी, वडवार अशा शाखांतून आणि त्यांच्याही पोटशाखांतून मुकाट्याने शेताच्या बांधापर्यंत जाऊन पोचते. मान वर करून पाहावे असे येथे बृहदीश्वराचे शिखर तेवढे. असे असूनही या नगरीच्या रंगभूमीवर मराठे राजांच्या अमदानीत डोंगरांचे आणि धबधब्यांचे वर्णन मोठ्या हौसेने चालत असे, ही गोष्ट महाराष्ट्रातून येऊन राजवाडा, सरस्वती महाल आणि मोठे देऊळ एवढे उरकून दुसऱ्या दिवशी रामेश्वरची गाडी धरणाऱ्या आपल्या मंडळींच्या कानांवर सहसा जात नाही.

ते वर्णन ‘कुरवंजी’ नावाच्या नाट्यप्रकारात येई. देवाची अथवा राजाची स्वारी पाहून नायिका विरहाने व्याकूळ व्हावी, तेवढ्यात डोंगरातून भविष्य सांगणारी कुरत्ती यावी, तिने आपल्या पर्वताचे, त्यावरील वनस्पतींचे, वानरांचे आणि निर्झरांचे ऐश्वर्य गाऊन दाखवावे आणि मग हात पाहून प्रियसमागमाचे भाकीत करावे, असा त्याचा साचा. दक्षिणेकडील कुट्रालमच्या प्रसिद्ध धबधब्याच्या क्षेत्रावर तिरिकूट रासप्प कविरायर यांनी अठराव्या शतकात रचलेली ‘कुट्रालक्कुरवंजी’ तमिळ वाङ्मयात अग्रगण्य समजली जाते. परंतु तंजावूरच्या भोसल्यांनाही या प्रकाराचे वेड कमी नव्हते. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजांनी तर मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली, आणि तीत कुरत्तीच्या मुखी आपल्या डोंगराच्या बढाईबरोबर नव्या विद्येतील भूगोल, पृथ्वीवरील खंड आणि देश यांची माहिती घातली. श्वार्ट्झ पाद्रीच्या देखरेखीखाली शिकलेल्या, नवविद्याकलानिधी नावाची शाळा स्थापून तेथे देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालविणाऱ्या या राजाला भूगोल शिकवायला पंतोजी मिळाले नसते असे नाही. तरी त्याने तो अधिकार डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईच्या स्वाधीन केला, यात मला केवळ नाटकी युक्ती दिसत नाही. ज्याच्या पायांखाली मुलूख आहे त्यानेच तो सांगावा, ही त्यामागची समज आजच्या आमच्या पर्यटनाच्या कारभारात कोठे औषधालाही सापडत नाही, हे माझे या आठवड्याचे गाऱ्हाणे.

गाऱ्हाण्याचे स्थळ आहे कोल्लीमलै. तंजावूरहून पहाटे निघून तिरुचिरापल्ली आणि नामक्कल मागे टाकले की पूर्वघाटाच्या विस्कळीत रांगांपैकी हा डोंगर समोर येतो. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सामान्यतः १,००० ते १,३०० मीटर, आणि कारवल्लीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाणाऱ्या घाटाला ७० अवघड वळणे. वर सेम्मेडू गावी वल्विल ओरी या संघमकालीन डोंगरी राजाचा पुतळा आहे; त्याच्या एकाच बाणाने हत्ती, वाघ, हरिण, रानडुक्कर आणि घोरपड अशी पाच जनावरे विंधली, असे त्या काळचे कवी सांगून गेले आहेत, आणि कवीच्या हिशेबाची तपासणी करण्याची आपल्याकडेही चाल नाही. पुढे अरप्पळीश्वराचे प्राचीन देवालय लागते, आणि त्याच्या अंगानेच आकाशगंगा नावाच्या धबधब्याची पायऱ्यांची वाट दरीत उतरते.

सह्याद्रीत पाय तयार झालेल्या माणसाला ही वाट प्रथम फसवी वाटते. आपल्याकडे आधी चढण, मग शिखर, मग उतार असा क्रम. येथे हजारांहून अधिक पायऱ्या आरंभीच उतरावयाच्या, खाली सुमारे ३०० फुटांवरून पडणाऱ्या धारेखाली न्हाऊन देह सुखावला की मग ओल्या वस्त्रांनिशी त्याच पायऱ्या चढावयाच्या. त्यामुळे उतरताना गाणी म्हणणारी तरुण मंडळी चढताना दर विसाव्यावर मौन धारण केलेली दिसतात. पायऱ्या उंचीने सारख्या नाहीत. काही ठिकाणी त्यांच्या कडा झिजून शेवाळल्या आहेत, आणि कठड्याचा लोखंडी नळ हातांच्या तेलाने गुळगुळीत झालेला आहे. उंबर, फणस आणि नाव ठाऊक नसलेल्या कितीतरी वृक्षांची सावली इतकी दाट, की पाण्याचा नाद पुष्कळ वेळ ऐकू येतो, पाणी मात्र अखेरच्या वळणापर्यंत दिसत नाही.

वाटेच्या आरंभी फलक आहेत आणि ते सर्व निषेधाचे आहेत : मद्य नको, साबण नको, पूर असता खाली उतरू नये. यांपैकी एकही सूचना अनाठायी नाही, आणि मोठ्या पावसात वनखाते वाट बंद ठेवते तेव्हा चौकीवर हुज्जत घालणाऱ्यांविषयी मला यत्किंचितही सहानुभूती नाही. परंतु हे पाणी कोणते, येते कोठून आणि जाते कोठे, याचा एक अक्षरानेही उल्लेख नाही. तो उलगडा मला विसाव्यावर तिखट-मीठ लावलेल्या अननसाच्या फोडी विकणाऱ्या एका वृद्धेने केला. “अय्या, खाली पुळियंचोलैला माझी मुलगी दिली आहे,” ती म्हणाली, “सकाळी येथे पाणी लाल झाले की तिकडे तिची धुणी खोळंबतात.” मग फोडी कापता कापता सुरीच्या टोकाने दिशा दाखवीत तिने सांगितले की ही अय्यारू नदी, ती डोंगर उतरून सपाटीला लागते आणि पुढे कावेरीला मिळते, “तेथून तुमचा चोळमंडलच की.”

तिचा भूगोल बिनचूक होता. तिरुचिरापल्लीच्या वरच्या अंगास मिळालेले हे पाणी मुक्कोंबूला कोळ्ळिडम शाखेची वाटणी देऊन करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्लणै बंधाऱ्यावर येते, आणि तेथून वेण्णारच्या मार्गाने आमच्या तंजावूरच्या शेतांत शिरते. कावेरीचे पाणी म्हटले की १९३४ साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे आणि दोन राज्यांचा तंटा एवढेच आम्हांस आठवते. मेट्टूरच्या खाली, कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता जे ओढे मिळतात, त्यांची दखल कुरुवै या भातपिकाच्या चिंतेत असलेला आमचा शेतकरीही क्वचितच घेतो. अय्यारूचा वाटा लहान आहे हे खरे. पण लहान वाटेकऱ्याचे नाव वहीत नसावे, हा कोणता हिशेब?

त्या वृद्धेची जमात मलयाळी, म्हणजे केरळातील नव्हे, तर ‘मलै’वर राहणारी, आमचे पूर्वज कांचीपुरमहून येथे आले असे ते सांगतात. नाटकातल्या कुरत्तीशी तिचे नाते जोडणे जातीच्या दृष्टीने चुकीचे होईल, पण अधिकाराच्या दृष्टीने नव्हे. पाणी लाल का होते, या प्रश्नावर तिने उतारावरील मरवळ्ळी कंदाच्या शेतांकडे बोट केले. पूर्वी या डोंगरावर सामै, राळा आणि नाचणी पिके. सेलम-नामक्कलच्या कारखान्यांची मागणी वाढली तशी कंदाने त्यांची जागा घेतली, आणि कंद उपटताना मोकळी झालेली माती पहिल्याच मोठ्या सरीबरोबर वाहून जाते. त्या कारखान्यांत तयार होतो साबुदाणा! पुण्या-नागपुरात एकादशीला जी खिचडी होते, तिचे एक मूळ अशा उतारावर आहे; आणि गंमत अशी, की कंदाने हुसकून लावलेली सामै ही उपवासाच्या आपल्या वरीचीच सोयरी. धर्मशास्त्राला यात काही म्हणावयाचे नसेल, पण फराळाच्या ताटातील निवड थोडी बदलली तर एकादशीला बाध येणार नाही.

येथे येऊ इच्छिणाऱ्यांनी सह्याद्रीचे पंचांग मात्र घरी ठेवावे. आषाढ-श्रावणात आपल्याकडे कडे वाहू लागतात म्हणून इकडेही वाहतील असे नाही. या बाजूचा मोठा भरवसा आश्विन-कार्तिकातील ईशान्येच्या पावसावर, आणि तो ओसरल्यानंतर मार्गशीर्षाच्या सुमारास धारेला भर असून वाट चालण्याजोगी असते. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी वर देवळातच थांबावे. अरप्पळीश्वर संबंदर आणि अप्पर या शैव संतकवींनी वाखाणलेला देव आहे, तेथे बसण्यात कमीपणा नाही. रज्जुमार्ग बसवून सर्वांस खाली पोचविण्याची कल्पना कधी कोणाच्या सुपीक मस्तकात आलीच, तर तिला माझा विरोध आताच नोंदवून ठेवतो.

त्याऐवजी माझी तजवीज साधी आहे. पायऱ्यांच्या माथ्यावर अय्यारूपासून कल्लणैपर्यंतचा एक नकाशा, तमिळमध्ये आणि यात्रेकरूंच्या आणखी दोन-तीन भाषांत, लावावा. आणि डोंगरावरील बायकांपैकी काहींना, अननसाचा धंदा सांभाळून, वाट दाखविण्याच्या कामी खात्याने रीतसर पगारावर घ्यावे. त्यांना पाठ्यपुस्तक देऊ नये, त्यांचेच ऐकून ते लिहून घ्यावे. सरस्वती महालात मोडीचे रुमाल सांभाळणारे लोक आहेत, देवेंद्र कुरवंजीचे पुस्तकही छापून झालेले आहे. तेथील कोणी विद्वान एखाद्या मार्गशीर्षात वही घेऊन कोल्लीमलैवर जाईल तर त्याचा प्रवासखर्च लोखंडी कठड्याच्या दुरुस्तीहून खात्रीने कमी येईल.

— दक्षिणवासी