'निरीक्षण' : निवळी दुधाळ झाली!

आम्ल आणि धातूचं कार्बोनेट मिळून क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. दहावीचं कुठलंही पोर हे झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. पण ते फसफसताना पाहिलंय किती जणांनी?

आमच्या लेकीच्या वहीत 'निरीक्षण' या मथळ्याखाली लिहिलंय, 'चुन्याची निवळी दुधाळ झाली.' कुणी पाहिलं? कुणीच नाही. फळ्यावरून उतरवलंय. प्रयोगशाळेला कुलूप, कारण म्हणे ऍसिड धोक्याचं!

अहो, अंड्याचं टरफल व्हिनेगरमध्ये टाका. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीच, तिच्या तुकड्यावर लिंबू पिळा. पानवाल्याकडचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या, झाली निवळी. (डोळ्यांत जाऊ देऊ नका म्हणजे झालं.) कुलूप कशाला हवंय?

आणि खरी गंमत खडूची. पुस्तकातला खडू कॅल्शिअम कार्बोनेटचा, पण फळ्यावर लिहायचा बहुतेक वेळा जिप्समचा, म्हणजे कॅल्शिअम सल्फेटचा. तो व्हिनेगरमध्ये टाकला की आतल्या हवेचे चार बुडबुडे येतात आणि मग सगळं शांत! लेकीने घरी करून पाहिलं आणि वर्गात विचारलं, "हा का फसफसत नाही?" उत्तर मिळालं, "पुस्तकात आहे तेच लिही, मार्क जातील."

म्हणजे अख्ख्या वर्गात जिने खरोखर निरीक्षण केलं, तिलाच गप्प बसवलं.

पुढच्या पालकसभेला मी फरशीचा तुकडा आणि खडू पिशवीत घालून जाणार आहे. व्हिनेगर शाळेने आणावं.