घर-अंगण : मेलं न्हाई, निजलंय



डिसेंबर उजाडला की आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत दरवर्षी एक प्रकार हमखास घडतो. कोणीतरी वाळलेल्या झाडाची कुंडी उचलते आणि कचऱ्याच्या ढिगावर पालथी करते. परवा शेजारची नवी सून तेच करायला निघाली होती. तिच्या हातातल्या पत्र्याच्या डब्यात पिवळी पडलेली चार पाने आडवी झाली होती.

"काकू, महिनाभर रोज पाणी घातलं, तरी मेलं बघा. आत्या म्हणत्यात, वाळलेलं झाड दारात ठेवू नये, अपशकुन असतोय."

मी डबा हातात घेतला आणि बोटाने माती उकरली. आत कांद्याएवढा गड्डा टणक होता, शाबूत होता. मी म्हटले, "अगं, हे मेलं न्हाई, निजलंय. तू मात्र रोज पाणी घालून त्याला बुडवायला निघाली होतीस."

ती फुटबॉल लिली होती. काही जण तिला मे फ्लॉवर म्हणतात. मे-जूनमध्ये लाल चेंडूसारखे फूल येते, पावसाळाभर पाने हिरवीगार असतात आणि थंडीत सगळे वरून नाहीसे होते. हा तिचा स्वभावच आहे. त्यात ना कोणाची नजर, ना अपशकुन.

त्या पोरीला मी हसले नाही, कारण माझ्या हातूनही हेच घडले होते. माझे माहेर सांगलीकडचे. आई हळदीच्या रानात रोजगाराला जायची. लग्नानंतर मी सासरी निघाले तेव्हा तिने डालड्याच्या रिकाम्या डब्यात या लिलीचा एक गड्डा लावून दिला. पहिल्या हिवाळ्यात पाने गेली आणि मी घाबरले. आईने दिलेले झाड माझ्या हातून जायला नको म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी ओतले, वरून शेणखत घातले. फेब्रुवारीत डबा उपडा केला तर गड्ड्याचा लगदा झाला होता. कडेला सुपारीएवढे एक पिल्लू तेवढे टणक राहिले होते. आई आली तेव्हा मला रडू आवरेना. ती म्हणाली, "आगं, हळद काढायच्या आधी आम्ही रानाचं पाणी तोडतो, ते उगंच व्हय? जेवून निजलेल्या माणसाला उठवून कोण परत वाढतं?" त्या पिल्लावरच आज माझे तीन डबे आहेत. आई आता नाही.

झाड का निजते, ते आता समजून घेऊ. झाड आपले अन्न पानात, सूर्यप्रकाशावर तयार करते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो, तर डिसेंबरअखेरीस तो ११ तासांवर येतो. वर थंडी आणि कोरडी हवा. अशा दिवसांत पाने पोसणे काही झाडांना परवडत नाही. मग ती पानांतला कस गड्ड्यात, मुळांत किंवा खोडात ओढून घेतात, पाने टाकून देतात आणि स्वस्थ बसतात. थंड मुलुखात झाडे बर्फामुळे निजतात. आपल्याकडे बर्फ नाही. आपली बरीचशी झाडे पावसाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांतून निभावून जाण्यासाठी निजतात. म्हणून आपल्याकडे निजलेले झाड थंडीने फारसे मरत नाही, ते पाण्याने मरते. पाने नसली की झाड पाणी ओढत नाही. घातलेले पाणी डब्यात तसेच साचते, मातीतली हवा जाते, बुरशी धरते आणि गड्डा कुजतो.

याचा सर्वांत मोठा नमुना आपल्या उशाशीच आहे. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या जागांना जागतिक वारसा ठरवले, त्यात ते आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात फुले पाहायला गर्दी लोटते. पण डिसेंबरनंतर जाऊन पाहा. जांभा दगड, त्यावर वीतभरही नसलेली माती आणि वाळलेले गवत. नवख्याला वाटेल, सगळे संपले. पण तिथला वायतुरा जमिनीखाली कंद करून बसलेला असतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात तो वर येतो आणि त्याला दोन फाट्यांचा तुरा फुटतो. साताऱ्याच्या नावावरूनच त्याचे शास्त्रीय नाव पडले आहे, सातारेन्सिस. त्याच पठारावरचा तेरडा मात्र वेगळा. तो बी टाकून खरोखरच मरतो. म्हणजे निजणारी झाडे वेगळी आणि एका हंगामाची वेगळी. दारातला तेरडा किंवा झेंडू वाळला तर त्याची वाट पाहू नका. बी काढून कागदाच्या पुडीत बांधून ठेवा.

हळदीचेही तसेच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्रही आहे. पण निजेची गोष्ट रानातल्या बायांना त्याच्याही आधीपासून ठाऊक होती. मे-जूनमध्ये लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी पाने वाळवते. मग पाणी तोडतात, काढणी होते आणि निवडलेले जेठे गड्डे बियाण्यासाठी सावलीत पाल्याखाली झाकून ठेवतात. उन्हाळा सरताना त्यांना आपोआप डोळे फुटतात. ज्यांना रान नाही त्यांनी जुन्या बादलीला खाली भोके पाडून एक गड्डा लावून पाहावा. पाने पिवळी पडेपर्यंत पाणी द्यावे, मग बंद करावे.

तर आता दारातल्या झाडांकडे वळू.

फुटबॉल लिली आणि रंगीत पानांचा कॅलॅडियम ही दोन्ही पूर्ण निजतात. पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्यावे. हिरवे पान घाईने तोडू नये, त्यातला कस अजून खाली उतरत असतो. पान आपण होऊन वाळले की पाणी बंद करावे आणि डबा जिन्याखाली किंवा भिंतीच्या आडोशाला कोरड्या जागी ठेवावा. माती अगदी भुगा झाली तर महिन्यातून एखादे वेळी वाटीभर पाणी शिंपडले तरी पुरे. खत अजिबात नको. उन्हाळ्यात माती फोडून कोंब दिसला की डबा उजेडात आणावा आणि पाणी हळूहळू वाढवावे.

चाफा पाने गाळून नुसत्या काठ्यांवर उभा राहतो. तो जिवंत आहे का, हे पाहायचे असेल तर नखाने साल थोडी खरवडावी. आत हिरवे दिसले, पांढरा चीक आला, की निश्चिंत राहावे. फांदी दाबून मऊ लागली आणि आत काळे-तपकिरी असेल, तर तेवढा भाग कापून टाकावा.

शेवंतीची फुले संपली की वरचे वाळलेले दांडे कापावेत. बुडाशी फुटणारे धुमारे जपावेत, पुढचे झाड त्यांचेच होते. मनीप्लांट, कोरफड आणि जास्वंद पूर्ण निजत नाहीत, नुसती मंदावतात. त्यांना माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

पुष्कळ विहारांत आणि काही घरांतही पिंपळाचे रोप कुंडीत जपलेले असते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ते पाने गाळते आणि मग घरातल्यांच्या जिवाला घोर लागतो. घाबरू नये. थोड्याच दिवसांत तांबूस कोवळी पालवी येते. मात्र पिंपळ कुंडीतला जीव नव्हे. जागा मिळेल तेव्हा तो जमिनीत, घराच्या भिंतीपासून लांब लावावा.

आता दोन धोक्याच्या गोष्टी. पहिली घरातली. निजलेले गड्डे माणसाला फसवतात. फुटबॉल लिलीचा गड्डा कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी आहे. कॅलॅडियमचा कंद तोंडात गेला तर तोंड आणि घसा भाजल्यासारखा होतो. कळलावीचा कंद तर प्राणघातक आहे. म्हणून हे कंद काढून ठेवायचे असतील तर कांदा-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका आणि पोरांच्या हाती लागू देऊ नका.

दुसरी गोष्ट रानातली. तासगाव, मिरज, पलूसकडे ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी होते. छाटलेल्या काडीचे निजलेले डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ती कातडीला आणि डोळ्यांना इजा करते. आणि दारूशी तिचे हाडवैर आहे. पेस्टच्या कामाच्या आधी किंवा नंतरच्या काही दिवसांत दारू पोटात गेली तर तोंड लालबुंद होणे, उलट्या, छातीत धडधड, धाप लागणे असे होऊन जिवावर बेतू शकते. आपल्या घरचे कोणी या कामाला जात असेल तर त्याला हे आजच सांगा. रबरी हातमोजे मालकाकडून मागून घ्यावेत, त्यात संकोच नको. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

शेजारच्या सुनेच्या डब्यावर आम्ही खडूने लिहून ठेवले आहे, "निजलंय, पाणी घालू नये." तारीखही घातली आहे. डबा आता त्यांच्या जिन्याखाली आहे. सासूबाई पहिले चार दिवस काही बोलल्या नाहीत. काल मला नळावर भेटल्या, जयभीम झाला आणि हळूच विचारले, "ते कवा उठंल म्हणालात?"

मी म्हटले, "मे महिन्यात, आक्का. तोवर वाट बघायची."

तुमच्या दारातही असा एखादा डबा असेल. टाकून देण्याआधी एकदा बोटाने माती उकरून पाहा.